पहिलारू मेंढ्या: मेंढा कधी लावायचा आणि गाभणपणात खुराक किती?

माळरान:
कळपात ठेवायच्या म्हणून २२ तरण्या मेंढ्या बाजूला काढल्या आहेत. वय ९ ते ११ महिने. काट्यावर घेतल्या तर वजनं १९ पासून २८ किलोपर्यंत निघाली. आमच्या जाणत्या मेंढ्यांचं सरासरी वजन ३६ किलो. मेंढा एकच आहे, ३ वर्षांचा, तयार.

मागच्या पहिलारूंमध्ये (पहिल्यांदाच विणाऱ्या मेंढ्यांत) दोन त्रास दिसले. काही विताना अडल्या. काही सुखरूप व्याल्या, पण कोकराला जवळ घेईनात आणि कासेत चीकही जेमतेम. म्हणून या वेळी आधीच विचारतोय.

१) मेंढा लावताना वय धरायचं की वजन?
२) गाभणपणात नेमका किती खुराक द्यायचा? कुणी म्हणतं भरपूर चारा, वाढीचं वय आहे. कुणी म्हणतं हात आखडा, नाहीतर कोकरू मोठं होऊन अडतं.
३) विण्याच्या वेळी पहिलारूंचं वेगळं काय सांभाळायचं?

चारा: हिरवी लसूणघास रोज मिळते, सुका कडबा आणि गवत आहे, मका आणि शेंगदाणा पेंड आणता येते.

दावण_हिशेब:
वजन. वयाची अट एवढीच की ७-८ महिन्यांच्या आत मेंढ्याजवळ जाऊ द्यायचं नाही. बाकी सगळा निर्णय काट्यावर.

जाणत्या मेंढीच्या वजनाच्या ६५ ते ७० टक्के वजन झालं की पहिलारू फळवायला तयार धरतात. तुमच्या ३६ किलोला ते येतं साडेतेवीस ते पंचवीस किलो. मी असतो तर २४ ची रेघ मारली असती. त्याखालच्या आता नाहीत. १९-२० किलोच्या मेंढ्या माजावर येतील, फळतीलही, कारण माज सुरू व्हायला साधारण निम्मं ते ६० टक्के वजन पुरतं. अडचण इथंच होते. माजावर आली म्हणजे तयार झाली असं नाही.

कारण साधं आहे. मेंढी १४७ दिवस गाभण राहते (१४२ ते १५२ धरा) आणि या काळात तिची स्वतःची हाडं, कटी, अंग सगळं वाढायचं असतं. विताना तिचं स्वतःचं वजन, म्हणजे कोकरू आणि गर्भजल वजा करून, जाणत्या मेंढीच्या ८० ते ८५ टक्के हवं. तुमच्याकडे ते २९ ते साडेतीस किलो. आता मागे हिशेब करा. २४.५ किलोला मेंढा लावला तर स्वतःची वाढ ५ ते ६ किलो. त्यात एक कोकरू, वार आणि पाणी मिळून आणखी साडेचार-पाच किलो. एकूण १० ते ११ किलो, भागिले १४७. रोजची वाढ सरासरी ७० ते ७५ ग्रॅम. हे जमण्यासारखं आहे. आता हाच हिशेब २० किलोपासून करा: रोज शंभर ग्रॅमच्या आसपास वाढ लागते. शेवटच्या दीड महिन्यात पोटात जागाच नसते, तेव्हा ती भरून निघत नाही. मग कटी अरुंद राहते, कोकरू अडतं, आणि जे काही अंगावर चढलं ते दुधात जाऊन मेंढी खंगते.

म्हणून २२ चे दोन गट करा. २४ च्या वरच्या आता. १९ ते २२ वाल्यांना रोज ८० ग्रॅम वाढ मिळाली तर ६० दिवसांत ५ किलो चढतील, त्या पुढच्या खेपेला. मधल्या २२-२४ वाल्यांना महिनाभर द्या आणि मग ठरवा. वजन दर ३-४ आठवड्यांनी, सकाळी चरायला जायच्या आधी, रिकाम्या पोटी. भरल्या पोटाचं वजन दोन-अडीच किलोनं फसवतं, आणि इथं आपण एकेका किलोवर निर्णय घेतोय.

काट्याबरोबर हातही फिरवा. शेवटच्या बरगडीच्या मागं, कंबरेवर, मणक्याची टोकं आणि आडवी हाडं बोटांनी चाचपायची. लोकरीवरून अंदाज कधीच येत नाही. १ ते ५ च्या मोजमापात (१ म्हणजे निव्वळ हाडं, ५ म्हणजे हाड लागतच नाही) मेंढा लावताना ३ ते साडेतीन हवं: टोकं जाणवतात पण गोलसर, आडव्या हाडांची टोकं दाबल्यावरच लागतात. ४ च्या वर गेलेली तरणी मेंढी बघायला छान दिसते, पण तिच्या कासेत दुधाच्या गाठीऐवजी चरबी भरलेली असते.

तिफण:
वरचं वजनाचं पटलं. एक भर. मेंढा लावायच्या ३ आठवडे आधी खुराक दुप्पट करा, माज झपाट्यानं येतो आणि जुळ्यांचं प्रमाण वाढतं. जाणत्या मेंढ्यांत हे सगळेच करतात.

दावण_हिशेब:
जाणत्यांत बरोबर. पहिलारूंत मी हे करू नका म्हणेन. पहिल्या वेताला जुळी नकोतच. कोवळी मेंढी एक कोकरू नीट वाढवते, दोन पाजताना तिची वाढ खुंटते आणि दुसऱ्या वेताला ती मागं पडते. शिवाय खुराक अचानक वाढवला आणि फळल्यावर अचानक कमी केला, तर बीजच गळतं.

त्यांना रोज थोडी थोडी वाढ चालू ठेवा, ७० ते १०० ग्रॅमच्या आसपास. ती मेंढा लावायच्या ३ आठवडे आधी जशी असेल तशीच फळल्यावर पहिला महिनाभर ठेवायची. गर्भ गर्भाशयाला चिकटायला लागतो तो १५-१६ व्या दिवसाच्या सुमारास, आणि वार पक्की धरायला महिना लागतो. या महिन्यात चारा बदलणं, लांब हाकणं, गाडीत भरणं, लोकर कातरणं, औषधाच्या पाण्यात बुडवणं, काहीही करू नये. पाळी उलटली, म्हणजे मेंढी न फळता पुन्हा माजावर आली, म्हणून मेंढ्याला दोष देतात, त्यातल्या बऱ्याच वेळा दोष या महिन्यातल्या धावपळीचा असतो.

आता खुराकाचा हिशेब, तुमच्याच चाऱ्यावर. कोरड्या अंशात मोजतो. हिरव्या लसूणघासेत साधारण २० टक्के कोरडा अंश, कडब्यात ९० च्या आसपास.

२५ किलोची मेंढी, मेंढा लावायच्या सुमारास: लसूणघास दीड किलो, कडबा किंवा सुकं गवत ५०० ग्रॅम, खुराक (मका-पेंडीचं मिश्रण, प्रमाण खाली दिलंय) १५० ग्रॅम. कोरडा अंश ८८०-८९० ग्रॅम, म्हणजे वजनाच्या साडेतीन टक्के. प्रथिनं १२ टक्क्यांच्या जवळ बसतात.

गाभणपणाच्या दुसऱ्या महिन्यापासून १०० व्या दिवसापर्यंत: लसूणघास आणि खुराक तेवढाच, सुका चारा ६०० ग्रॅमपर्यंत. चरायला चांगलं रान असेल तर त्या मानानं हिरवा कमी. या काळात भरमसाठ खायला घालण्याचा मोह होतो, आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथंच आहे. वाढीच्या वयातल्या गाभण मेंढीला पहिल्या तीन महिन्यांत भरपूर खुराक दिला की तिचं शरीर ते स्वतःच्या वाढीकडे आणि चरबीकडे वळवतं. वार लहान राहते. वार लहान म्हणजे कोकरू हलकं, गाभडण्याचं प्रमाण जास्त आणि चीक कमी. तुमच्या मागच्या खेपेतल्या कमी चिकामागं हे असू शकतं, किंवा याच्या बरोबर उलटं, उपासमार. दोन्हींचा शेवट सारखाच दिसतो, म्हणून अंगावर हात फिरवून बघितल्याशिवाय कळत नाही.

१०५ व्या दिवसापासून, म्हणजे विण्याच्या ६ आठवडे आधी: कोकराच्या वजनातला साधारण ७० टक्के भाग याच काळात तयार होतो आणि कासही याच काळात भरते. इथं हात आखडायचा नाही. खुराक १५० वरून दर ३ दिवसांनी ५० ग्रॅम वाढवत ३०० पर्यंत. सोनोग्राफीत जुळी दिसली असतील तर ४००. सुका चारा ५०० ग्रॅमवर आणा, पण पानाचा, जाड कांड्यांचा नको. पोटातली जागा कोकरानं घेतलेली असते, ती कांड्यांनी भरायची नाही. अडू नये म्हणून या दिवसांत उपाशी ठेवणारे आहेत. त्यानं कोकराचं वजन थोडंसं घटतं, मेंढीची ताकद आणि चीक मात्र पुष्कळ घटतो, आणि कळा द्यायची ताकद नसलेली मेंढी जास्त अडते.

व्याल्यावर: एक कोकरू असेल तर खुराक ४०० ग्रॅम, लसूणघास अडीच किलो, सुका ४०० ग्रॅम. खुराक नेहमी दोन वेळांत विभागून, एका वेळी २५० ग्रॅमच्या वर नाही. वाढही ३-४ दिवसांत टाकायची, व्याली त्या दिवशीच नाही.

खुराकाचं मिश्रण, १०० किलोला: मक्याचा जाडसर भरडा ४५, शेंगदाणा पेंड २२, गव्हाचा कोंडा ३०, खनिज मिश्रण २, मीठ १. प्रथिनं १७ टक्क्यांच्या आसपास. मका पिठासारखा दळू नका. पीठ पोटात लगेच आंबतं आणि आम्ल वाढून मेंढी चारा सोडते, लेंड्यांऐवजी पातळ हगते. पेंडीला बुरशीचा वास किंवा हिरवट-काळी झाक असेल तर ती गाभण मेंढीला अजिबात नको, स्वस्तात मिळाली तरी.

खनिज मिश्रण मेंढ्यांसाठीचंच घ्या. गाईम्हशींच्या मिश्रणात तांबं जास्त असतं. मेंढीच्या यकृतात ते साचत राहतं, महिनोन्महिने काही दिसत नाही, मग एखाद्या ताणाच्या दिवशी एकदम कावीळ, तांबडी-काळी लघवी आणि एक-दोन दिवसांत मेंढी जाते. एकाच गोणीतून गाई आणि मेंढ्या दोघांना घालणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

रानवाट:
मेंढ्याविषयी कुणी बोललं नाही.

पहिला प्रश्न: हा मेंढा या तरण्यांचा बाप तर नाही ना? ३ वर्षांचा मेंढा आणि ९-११ महिन्यांच्या मेंढ्या, हिशेब जुळतो. असेल तर बदला, दुसरं काहीच करायच्या आधी.

मेंढा निवडताना दोन गोष्टी: मोठ्या अंगाच्या जातीचा नको, आणि डोकं-खांदा बोजड नको. त्याची आधीची कोकरं जन्मताना केवढी होती हे विचारा. पहिलारूंना अनुभवी मेंढाच लावा. तरुण मेंढा आणि तरुण मेंढी दोघंही नवशिकी असली की माज वाया जातो. तरणी मेंढी माजावर आली तरी मेंढ्याच्या मागं फिरत नाही, जागेवर थांबून शेपूट हलवते एवढंच. तिचा माज जाणतीपेक्षा थोडक्यात आटोपतो. म्हणून जाणत्या मेंढ्यांबरोबर एकत्र सोडायचं नाही, मेंढा जाणत्यांकडेच जातो. तरण्यांचा वेगळा गट, लहान वाडगं, २५ मेंढ्यांना एक मेंढा.

मेंढ्याचे अंड चाचपून घ्या, दोन्ही सारखे, घट्ट, गाठ नसलेले हवेत. बीज तयार व्हायला ७ आठवडे लागतात, तेव्हा गेल्या दोन महिन्यांत त्याला जोराचा ताप आला असेल तर आज तो दिसायला ठणठणीत असूनही फळवेलच असं नाही. खूर कापून घ्या. लंगडा मेंढा चढत नाही.

माज एकदम यायला हवा असेल तर महिनाभर आधी मेंढा पूर्ण दूर ठेवा, वासही येणार नाही इतका. मग नसबंदी केलेला मेंढा १५ दिवस आधी सोडा आणि त्यानंतर खरा मेंढा. पहिला माज कमी फळतो, दुसरा-तिसरा जास्त. त्यामुळे पहिला माज नसबंदीच्या मेंढ्यावर गेला तर नुकसान काहीच नाही.

छातीला रंग लावा. पावडर रंग खाद्यतेलात कालवून पातळ लापशीसारखा, दर २-३ दिवसांनी हात मारायचा. गाडीचं काळं तेल लावणारे असतात, त्यानं लोकर आणि कातडी दोन्ही जातात. १७ व्या दिवशी रंग बदला, फिक्यावरून गडद: आधी पिवळा, मग लाल. माजाचं चक्र १७ दिवसांचं असतं. पिवळ्यावर लाल चढला म्हणजे उलटली. सगळ्यांवर लाल चढला तर मेंढ्यात खोट आहे आणि ते ३५ व्या दिवशी नाही, २० व्याच दिवशी कळतं. ३५ दिवसांनी मेंढा काढून घ्या. नाहीतर पुढं दीड महिनाभर विणाऱ्या मेंढ्यांवर लक्ष ठेवायला माणूस जागा राहत नाही.

रंगावरून पिवळ्या आणि लाल मेंढ्यांचे गट केले तर १०५ वा दिवसही गटवार धरता येतो. नाहीतर उशिरा फळलेल्यांना उगाच ३ आठवडे आधीपासून ३०० ग्रॅम खुराक जातो.

पशुवैद्य_मेंढीशेळी:
आरोग्याचं थोडक्यात, कारण वरचं बहुतेक बरोबर आहे.

पीपीआरसारख्या (शेळ्या-मेंढ्यांचा एक साथीचा रोग) जिवंत विषाणूच्या लसी मेंढा लावायच्या निदान महिनाभर आधी उरका. आंत्रविषाराची (आतड्यात जंतूंचं विष तयार होणारा रोग) लस आधी कधी दिली नसेल तर दोन मात्रा, ३-४ आठवड्यांच्या अंतरानं, आणि दुसरी विण्याच्या ३ ते ४ आठवडे आधी पडेल असं बसवा. आधी दिलेली असेल तर त्या वेळी एकच. विण्याच्या आदल्या आठवड्यात दिलेल्या लसीचा चिकाला उपयोग होत नाही, चिकात प्रतिकारशक्ती उतरायला दिवस लागतात.

जंताचं औषध मेंढा लावायच्या २-३ आठवडे आधी. अल्बेंडाझोल गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात देऊ नका, गर्भात व्यंग येतं. मेंढा कळपात असताना कोण फळली, कोण नाही हे माहीत नसतं, म्हणजे त्या पूर्ण काळात आणि पुढचा महिनाभर नाही. विण्याच्या सुमारास मेंढीची जंतांशी लढायची ताकद घटते आणि पहिलारूंत ती आणखी कमी. दर १५ दिवसांनी खालची पापणी उघडून बघा: लाल-गुलाबी ठीक, फिकी गुलाबी म्हणजे लेंडी तपासा, पांढरी म्हणजे आजच औषध. औषधाची मात्रा वजनावर, अंदाजावर नको. कमी मात्रेनंच औषधं निकामी झाली आहेत.

चाऱ्याच्या गोदामात मांजरी हगत असतील तर बंद करा. मांजराच्या विष्ठेतून येणारा टोक्सोप्लाझ्मा हा सूक्ष्म जंतू पहिल्यांदा गाभण असलेल्या मेंढ्यांना जास्त गाभडवतो, कारण त्यांची त्याच्याशी आधी गाठ पडलेली नसते. गाभडलेलं पिलू आणि वार हातमोजे घालूनच उचला, पुरा, मेंढी वेगळी ठेवा. घरात गरोदर बाई असेल तर तिनं विणाऱ्या मेंढ्यांच्या वाडग्यात पाऊल टाकू नये. एकाहून जास्त गाभडल्या तर वार आणि पिलू तपासणीला पाठवल्याशिवाय औषध ठरवता येत नाही.

शेवटच्या ३-४ आठवड्यांत एखादी मेंढी मागं राहते, खुराक सोडते पण गवत चघळते, दात खाते, दिसत नसल्यासारखी कुंपणाला धडकते, तोंडाला गोडसर वास येतो, तर ती गाभणपणाची विषबाधा. अंगात साखर कमी पडते, मेंढी चरबी जाळते आणि त्यातून विष साचतं. जुळ्यांत जास्त, आणि खंगलेल्या तसंच फार लठ्ठ अशा दोन्हींत. त्याच दिवशी प्रॉपिलीन ग्लायकॉल ५० ते ६० मिली, दिवसातून दोनदा, तोंडावाटे, मान फार वर न करता, आणि डॉक्टरला बोलवा. आडवी पडल्यावर वाचणं अवघड. मात्र अचानक आडवी पडली, मान वळवली, पोट फुगलं आणि दोन-तीन तासांत हा बदल झाला तर ती कॅल्शियमची कमतरता असण्याची शक्यता जास्त, त्यात कॅल्शियमनं तासाभरात उभी राहते. लांब हाकल्यानंतर किंवा दिवसभर उपाशी राहिल्यावर हे दिसतं.

माळरान:
सगळ्यांचे आभार. मेंढा बापच निघाला, दुसरा बघतोय. १३ मेंढ्या २४ च्या वर आहेत, त्याच लावतो.

आता तिसरा प्रश्न. विताना किती वेळ थांबायचं? आणि जवळ न घेणाऱ्या मेंढीचं काय करायचं? त्या वेळी आम्ही कोकरू पुसून, धुऊन, गरम करून द्यायचो.

कोकरूघर:
तुमच्या शेवटच्या वाक्यातच जवळ न घेण्याचं अर्ध कारण आहे. मेंढी कोकरू ओळखते ते वासानं, आणि तो वास गर्भजलानं भिजलेल्या अंगातून तिच्या जिभेवर जातो. पुसलं, धुतलं की ओळख पुसली. नाकातोंडातला चिकटा बोटानं काढा आणि कोकरू तिच्या नाकापुढं ठेवा, बस. ती व्याली त्या जागेवरून पहिले काही तास तिला हलवू नका. पहिलारू गोंधळलेली असते, कोकरू उठून अडखळलं की घाबरून मागं सरते. उभं राहून बघणारी चार माणसं आणि कुत्रं असेल तर ती जागाच सोडते.

वेळेचं. कळा सुरू झाल्यापासून पाणमोट (गर्भजलाची पिशवी) दिसेपर्यंत पहिलारूला जाणतीपेक्षा बराच वेळ लागतो, त्यात हात घालू नका. पाणमोट फुटल्यावर घड्याळ सुरू. ३०-४५ मिनिटांत काही पुढं सरकलं नाही तर तपासायचं. नीट येणारं कोकरू म्हणजे दोन पुढचे खूर आणि त्यावर टेकलेलं नाक. एवढं दिसत असेल आणि कळांबरोबर थोडं थोडं सरकत असेल तर तासभरही थांबता येतं.

यात काय दिसलं तर थांबायचं नाही:
एकच खूर आणि नाक. डोकं बाहेर, खूर नाहीत, जीभ सुजून निळी. दोन खूर आहेत पण नाक नाही. शेपूट लागते, पाय नाहीत.

हात घालताना नखं कापलेली, कोपरापर्यंत साबणानं धुतलेला हात, हातमोजा आणि भरपूर वंगण. साबणाचं पाणी वंगण म्हणून वापरू नका, आतली ओल निघून जाते. लहान हात असेल तोच घाला, तरण्या मेंढीच्या कटीत मोठा हात जातच नाही. आधी ओळखा, मग ओढा. पुढच्या पायाला खुरापासून वर दोन सांधे एकाच बाजूला वाकतात. मागच्या पायाला दुसरा सांधा उलट वाकतो आणि टाचेचं टोक लागतं. दोन्ही पाय एकाच कोकराचे आहेत ना, हे बोट खांद्यापर्यंत नेऊन पक्कं करा. जुळ्यांत दोघांचा एकेक पाय धरून ओढणारे असतात.

पाय मागं असेल तर डोकं कळेच्या मधल्या वेळात थोडं आत सारा, खूर तळहातात झाकून पुढं आणा. उघडा खूर गर्भाशय फाडतो. ओढायचं फक्त कळ आल्यावर, आणि सरळ मागं नाही, मेंढीच्या टाचांकडे, खालच्या दिशेनं. डोकं अडलं तर एक पाय आधी थोडा पुढं काढा, खांदे तिरके होतात आणि वाट मिळते. गर्भाशयाचं तोंड बांगडीएवढंच उघडलं असेल आणि कडा दोरीसारखी घट्ट लागत असेल तर ओढू नका, डॉक्टरच. १५-२० मिनिटांच्या प्रयत्नात सुटलं नाही तरी तेच.

वार २ ते ६ तासांत पडते. लोंबत असली तरी ओढायची नाही. १२ तास उलटले तर डॉक्टर.

नाळ ७ टक्के आयोडीनमध्ये, लहान वाटीत बुडवून, मुळापर्यंत. नुसता बोळा फिरवून चालत नाही.

चीक. वजनाच्या किलोमागं ५० मिली पहिल्या २ तासांत, आणि पहिल्या २४ तासांत एकूण २०० मिली. अडीच किलोच्या कोकराला पहिली पाजणी १२५ मिली, दिवसभरात अर्धा लिटर. पहिलारूचा चीक कमी आणि मधासारखा दाट असतो, सडात मेणासारखी गुठळी अडकलेली असते. म्हणून कोकरू उठायच्या आत दोन्ही सडांतून दोन-दोन धारा काढून बघा. गुठळी न निघाल्यानं कोकरू चोखून दमतं आणि बघणाऱ्याला वाटतं, पितंय. पोट चाचपा: भरलेलं असेल तर बरगडीमागं मऊ, गोल लागतं. कमी पडला तर जाणत्या मेंढीचा चीक. जाणत्या मेंढ्यांचा पहिल्या दिवशीचा जास्तीचा चीक १००-१५० मिलीच्या पिशव्यांत गोठवून ठेवा, कोमट पाण्यात विरघळवा, उकळत्या पाण्यात नाही, नाहीतर फाटतो आणि त्यातली ताकद जाते.

नळीनं पाजायचं असेल तर कोकराला मान धरता यायला हवी. मान टाकलेल्या, तोंड थंड पडलेल्या कोकराला आधी ऊब, मग चीक. काखेतलं नाही, गुदद्वारातलं तापमान घ्या: ३९ ते ४० ठीक, ३७ च्या खाली गेलं की धोका.

जवळ घेत नसेल तर: दीड मीटर लांब-रुंद कप्पा, मेंढी आणि कोकरू दोघंच, २-३ दिवस. पाणी आणि चारा आतच. ढुशी मारत असेल तर मान अडकेल पण बसता-उठता येईल अशी चौकट करा, कोकरू मागून पितं. दर ३-४ तासांनी धरून पाजवा. वार किंवा गर्भजल हातात असेल तर कोकराच्या पाठीवर आणि शेपटीखाली चोळा, ती तिथंच हुंगते. बहुतेक पहिलारू दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मऊ पडतात. चौथ्या दिवशीही मारत असेल तर कोकरू बाटलीवर घ्या आणि त्या मेंढीच्या कानाला खूण करा. कासेला हात लावल्यावर उडी मारते ती मात्र आईपणाला नाकारत नाही, तिची कास दुखते. कास गरम, कडक, एका बाजूला लाल किंवा निळी असेल तर ती कासदाह, वेगळा उपचार.

तिफण:
जुळी झालीच तर?

कोकरूघर:
दुसरं कोकरू, शक्यतो दांडगं असतं ते, एकच पिलू असलेल्या किंवा पिलू गेलेल्या जाणत्या मेंढीखाली लावा, आणि ते पहिल्याच दिवशी, तिची वार अंगाला चोळून. कुणी मिळाली नाही तर दोन्ही तिच्याखाली, पण दोन्हींना बाटलीची जोड. १०-१४ व्या दिवसापासून कोकरांना वेगळं खाणं, मेंढी आत येणार नाही अशा अरुंद फटीच्या कप्प्यात. पहिलारूची कोकरं ८ ते १० आठवड्यांत दूध तोडा, जाणत्यांसारखं ३ महिने ओढू नका.

दावण_हिशेब:
यात एकच जोडतो, तुमच्या १३ मेंढ्यांसाठी. त्यांना दूध तुटेपर्यंत जाणत्यांच्या गव्हाणीवर सोडू नका. ढकलाढकलीत पहिलारू मागं राहते, खुराकाचा हिशेब कागदावरच उरतो. मेंढीमागं ३० सेंटिमीटर गव्हाण धरा, १३ ना चार मीटर, दोन्ही बाजूंनी खाता आलं तर दोन. सगळ्यांची तोंडं एकदम मावली पाहिजेत.

आणि दुसऱ्यांदा मेंढा लावताना पुन्हा काटा. ३६ किलोच्या कळपात ३१ च्या खाली असेल तर एक खेप सोडा. दीड वर्षाच्या सुमारास पुढचे दुधाचे दात पडून दोनदाती होतात, तेव्हा काही आठवडे कडब्याची कांडी तोडता येत नाही आणि वजन उगाच अडकतं. त्या दिवसांत कुट्टी करून घाला.

माळरान:
दोनदाती होताना खुराक वाढवायचा का, की कुट्टीनं भागतं?

दावण_हिशेब:
दूध पाजत नसेल तर कुट्टी आणि लसूणघासेनं भागतं. पाजत असेल तर १०० ग्रॅम वाढवा, हिरड्या भरल्या की पुन्हा मूळ मापावर.